डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात. केंद्र रोज चालवायचं कुणी?

पत्र : आमचा ट्रस्ट रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी छोटं रुग्णालय चालवतो. दोन वर्षांपूर्वी सरकारी अनुदानावर अल्झायमर (म्हातारपणी स्मृती ढासळत नेणारा मेंदूचा आजार) संशोधन केंद्र सुरू झालं. अकरा गावांतल्या साठीपुढच्या ४०० जणांची दरवर्षी स्मृती तपासायची आणि रक्त साठवायचं, असा प्रकल्प आहे. संचालक मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, ते महिन्यातून दोनदा येतात. मी बी.कॉम., रुग्णालयाची बिलं आणि पगार बघत आलो. आता केंद्राचा प्रशासक म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. दोन कार्यकर्त्या सोडून गेल्या. दुसऱ्या फेरीला ४०० पैकी २९० जणच आले. विश्वस्त म्हणतात, आता एमआरआय आणि मेंदूदान विभाग काढू. समित्या किती नेमू, सही कुणाची चालेल? आणि केंद्राच्या पाटीवर काय लिहू?
— एक प्रशासक

उत्तर : नमस्कार. समित्यांकडे येऊच, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय: ४०० पैकी २९०. असल्या केंद्राची किंमत तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा तपासण्यात असते. याच वेगाने गळती चालू राहिली तर पहिल्या तपासणीनंतर पाच वर्षांनी तुमच्याकडे साधारण ८० जण उरतील. यापुढे ती वर्षाला ८ टक्क्यांवर आणलीत तर २०८ उरतील. त्यामुळे कुठलाही निर्णय समोर आला, खरेदीचा असो की नेमणुकीचा, की आधी विचारा: यानं पुढच्या फेरीला माणसं वाढतील की घटतील?

पहिलं काम, त्या ११० जणांची यादी काढा आणि चार रकाने पाडा: वारले, मुंबईला नेले, नको म्हणाले, सापडले नाहीत. चौघांचे उपाय वेगळे. वारलेला माणूस ही गळती धरायची नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीतून तारीख घ्या, महिना-दीड महिन्याने घरी जाऊन शेवटच्या वर्षात काय बदललं ते विचारा आणि नोंद पूर्ण करा. सापडले नाहीत, यात बऱ्याचदा नावाचा घोळ असतो. एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं, त्यात तीन सीताराम. नोंदीत वाडी, घराची खूण आणि नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव नसेल तर नवी कार्यकर्ती चुकीच्या दारात उभी राहते.

खरी गोम दुसऱ्या रकान्यात आहे. कोकणात म्हातारी घर विसरायला लागली, दोनदा चूल पेटती ठेवून शेजारी गेली, की मुलगा तिला विरारला किंवा डोंबिवलीला घेऊन जातो. म्हणजे ज्यांची स्मृती ढासळतेय तेच तुमच्या यादीतून आधी गळतात आणि मागे ठणठणीत उरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. त्या हिशेबाने तुमच्या ४०० मध्ये तीसेक जण. ११० च्या गळतीत हे तीसही वाहून जाऊ शकतात, आणि मग तुमचा अभ्यास सांगेल की खाडीकाठी स्मृती फारशी ढळतच नाही!

म्हणून पहिल्या भेटीतच मुंबईतल्या मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि दोन फोन नंबर घ्या, दर सहा महिन्यांनी लागतात का ते बघा. वर्षातून एकदा चार-पाच दिवस मुंबईत तपासणी ठेवा, पश्चिम आणि मध्य रेल्वेवर एकेक जागा. आणि गणपती सोडू नका. डिमेन्शियाची पातळी ठरवण्यासाठी सीडीआर ही मोजपट्टी वापरत असाल तर रुग्णाइतकंच जवळच्या माणसाला विचारावं लागतं. चाकरमानी मुलगा गणपतीला पाच दिवस असतो, पण त्याला आई फोनवरच माहीत, तो म्हणतो, “आमची आई एकदम फिट.” रोज जेवायला वाढणारी सून किंवा शेजारची काकी वेगळंच सांगते. माहिती देणारी व्यक्ती कोण, आठवड्याला किती तास सोबत असते, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा, आणि पुढच्या वर्षी शक्यतो तीच व्यक्ती गाठा. मुलाकडून गणपतीत फक्त पत्ता आणि परवानगीची कामं उरका.

बाकीचं वेळापत्रक ऑक्टोबर ते मार्च. लावणीच्या दिवसांत कुणी घरी नसतं, एप्रिल-मे आंब्यात जातो. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते, ती मुंबईतल्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. पत्र्याच्या पडवीत बसून कार्यकर्ती दहा शब्द वाचते, वरून सर कोसळते, आणि आजींना दहापैकी सहाच शब्द ऐकू येतात. पाच मिनिटांनी विचारल्यावर त्या चार सांगतात. कागदावर ते विस्मरण म्हणून जातं. तपासणीआधी कानात कुजबुजून ऐकू येतं का बघायचं, चष्मा मागून घ्यायचा, मोतीबिंदू असेल तर नोंदवायचा, आणि पाऊस वाजत असेल तर फॉर्म मिटवून परत यायचं. ही मुभा कार्यकर्तीला लेखी द्या, नाहीतर रोजचा कोटा भरायला ती चाचणी उरकणारच.

कोटा किती? एक चाचणी, एक मुलाखत आणि रक्त धरून माणशी अडीच-तीन तास जातात. दोघींच्या एका जोडीने दिवसाला दोन माणसं करावीत, तीन नाही. ऑक्टोबर ते मार्च कामाचे साधारण १३० दिवस, म्हणजे एका जोडीची २६० माणसं. तुम्हाला ४०० हवी होती आणि जोडी बहुधा एकच होती. २९० हा आकडा मग इतका आश्चर्याचा राहत नाही. दुसरी जोडी नेमा, कुठलीही यंत्रसामग्री घेण्याआधी.

आता सह्या आणि समित्या. अमेरिकेत १९८४ पासून सरकारी पैशावर अल्झायमर संशोधन केंद्रं चालतात. तिथे प्रशासन हा केंद्राचा स्वतंत्र विभाग असतो. रुग्णतपासणी, माहिती व संख्याशास्त्र, मेंदूविकृती, लोकसंपर्क, संशोधकांचं प्रशिक्षण या विभागांच्या बरोबरीचा. संचालकाबरोबर सहसंचालक असतो, बाहेरचे सल्लागार येऊन काम तपासतात. २००५ पासून सगळी केंद्रं एकाच नमुन्यात माहिती भरतात, म्हणून वेगवेगळ्या गावची माणसं एकत्र मोजता येतात. यातलं तुम्ही उचलायचं ते एवढंच: प्रशासनाला लेखी अधिकार, संचालकाच्या गैरहजेरीत निर्णय घेणारा माणूस, आणि एकच न बदलणारा फॉर्म. विभागांची नावं उचलून पाट्या लावू नका. सहा माणसांत सहा विभाग केले की प्रत्येक जण प्रमुख होतो आणि गावात जायला कुणी उरत नाही.

सहसंचालक तुमच्या रुग्णालयातच राहणारा डॉक्टर हवा. एमडी मेडिसिन चालेल, मेंदूविकारतज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्याला कागदावर तीन अधिकार द्या: तपासणीत तातडीचं काही आढळलं तर रुग्णाला पुढे पाठवणं, काम थांबवणं, नमुने हलवणं. संचालकांकडे निदानाची पद्धत, शोधनिबंध आणि अनुदान देणाऱ्यांशी पत्रव्यवहार. तुमच्याकडे हजेरी, साठवणूक, करार, आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्चाची एकट्याची सही. आम्ही सुरुवातीला १०,००० रुपये सुचवू. त्यावर दोन सह्या. हे सगळं एका पानावर मांडून विश्वस्त मंडळाच्या ठरावाला जोडा. दुसरं पान निघालं तर कुणी वाचणार नाही.

समित्या दोनच. दर पंधरवड्याला कामकाज समिती, त्यात तुम्ही, दोन्ही डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि एक कार्यकर्ती. पाऊण तास, इतिवृत्तात फक्त निर्णय, नाव आणि तारीख. आणि वर्षातून एकदा बाहेरच्या तिघांचा सल्लागार गट. त्यांचं म्हणणं लेखी घ्या, उत्तरही लेखी द्या, नाहीतर ती भेट जेवणापुरतीच राहते. एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती, यात मोजत नाही, कारण ती तुमच्या हाताखालची नव्हेच. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात ७ ते १५ सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा आणि कोरम पाचचा. संस्थेच्या प्रमुखानं तिच्यात बसायचं नाही. ट्रस्टचे अध्यक्ष तिथे बसत असतील तर आजच मोकळं करा. औषधचाचणी नसलेल्या आरोग्य संशोधनासाठीही २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे कमिटीची नोंदणी लागते. तिची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

महिन्यातून दोनदा येणाऱ्या संचालकांचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा साधा आहे, हिशेबाचा आहे. दोन जोड्या हंगामात महिन्याला ८० माणसं तपासतील. डॉक्टर एका बैठकीत नीट बघतील १२ कागद, दोन बैठकांत २४. डिसेंबरपर्यंत दीडशेच्या वर फाइली तुंबतील, आणि मग मार्चमध्ये एका रविवारी घाईने सगळ्यांवर सही होईल. त्याऐवजी ज्यांचा सीडीआर शून्य, म्हणजे डिमेन्शिया नाही, आणि चाचण्याही शिक्षण-वयाच्या मानाने ठीक आहेत, त्यांची फाइल सहसंचालकांनी बंद करावी. त्यातल्या दर दहातली एक संचालकांनी पुन्हा तपासावी. संशयाच्या फाइलीच तेवढ्या बैठकीत आणा. बैठकीत दोन डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ आपलं मत आधी कागदावर लिहितात, मग बोलतात. मोठ्या डॉक्टरांनी आधी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात, मुंबईचे असोत की दापोलीचे.

चाचण्यांचं थोडक्यात. एमएमएसई आणि मोका या स्मृती तपासायच्या प्रश्नावल्या. एमएमएसईचे हक्क एका खासगी कंपनीकडे आहेत, फुकट छापून वापरू नका. मोकासाठी तपासणाऱ्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. आयसीएमआरचा चाचणीसंच सुरुवातीला पाच भाषांत निघाला, त्यात मराठी नव्हती. तेव्हा जे भाषांतर वापराल त्याची परवानगी आणि आवृत्तीचा क्रमांक फाइलीत हवा, आणि मधल्या वर्षी आवृत्ती बदलायची नाही. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या आजींनी “आज कोणती तारीख?” ला तिथी सांगितली तर ते उत्तर बरोबर धरायचं की नाही हे आत्ता ठरवा, कार्यकर्तीवर सोडू नका. आमच्या मते बरोबर धरा. वय माहीत नसतं तिथे घटनांची यादी वापरा: रामदास बोट बुडाली (जुलै १९४७) तेव्हा जन्म झाला होता का, कोयनेच्या भूकंपाला (डिसेंबर १९६७) लग्न झालेलं होतं का, सिंधुदुर्ग वेगळा झाला (१९८१) तेव्हा पोरं केवढी होती.

आता अशी गोष्ट जी अनुदानाच्या फॉर्मवर कुठेच नसते: जमीन. तुम्ही एखाद्याच्या कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ लिहिलंत, की सहा महिन्यांत कुणीतरी पुतण्या येणार आणि म्हणणार, “काकांचा रिपोर्ट द्या जरा.” काकांनी बागेचं मृत्युपत्र केलेलं असतं किंवा सातबाऱ्यावरचं नाव सोडलेलं असतं, आणि ते रद्द करायला डोकं ठिकाणावर नव्हतं हे दाखवायचं असतं. कधी उलटही होतं. विक्रीच्या आधी ‘शुद्धीवर आहेत’ असा दाखला हवा असतो. दोन्ही देऊ नका. संशोधनातलं निदान व्यवहार करण्याच्या क्षमतेबद्दल काही सांगत नाही; सौम्य आजाराचा माणूस घराचा निर्णय नीट घेऊ शकतो. संमतीपत्रातच लिहा की अहवाल सहभागी व्यक्तीला, आणि तिची क्षमता गेल्यावर संमतीपत्रावर नाव असलेल्या प्रतिनिधीलाच मिळेल. इतरांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय नाही. प्रतिनिधी कोण, हे माणूस शुद्धीत असताना त्याच्याच तोंडून नोंदवा. हा नियम विश्वस्तांनाही लागू. “आमच्या वाडीतल्या अमक्याचं काय निघालं?” असा फोन येतो तेव्हा कार्यकर्तीला नाही म्हणायला जड जातं, म्हणून नाव आणि क्रमांक जोडणारी यादी तिच्याकडे नसावीच. ती एका कुलपात, किल्ली तुमच्याकडे आणि सहसंचालकांकडे.

संमतीही एकदाची नसते. दर फेरीला पुन्हा विचारायची, अंगठा असेल तर केंद्राशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवायचा. प्रतिनिधीने होकार दिला तरी आजींनी हात मागे घेतला तर रक्त काढायचं नाही.

कार्यकर्त्या का गेल्या, याचं उत्तर तुमच्या वहीत सापडेल. अनुदानाचा हप्ता संपला मार्चमध्ये, पुढचा आला ऑगस्टमध्ये, असं झालंय का? १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामालाच वापरलं असा दाखला) आणि खर्चाचा तक्ता गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि तुमचा सीए ते वार्षिक ऑडिटबरोबर सप्टेंबरमध्ये करत असेल. प्रकल्पाची वही वेगळी ठेवा, दर महिन्याला जुळवा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र तयार करा. अनुदानावर पडलेलं व्याज सरकारला परत जातं, ते खर्चात धरू नका. आणि विश्वस्तांकडून एकच देणगी मागा: कार्यकर्त्यांच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी ठेव, हप्ता आला की परत भरायची. गावागावात ओळख असलेली कार्यकर्ती गेली की तिच्याबरोबर पंचवीस-तीस घरांची दारं बंद होतात. परदेशी पैसा कुणी देऊ केला तर आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बघा: २०२० पासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत लागतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी वेगळी.

रक्ताबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, त्यामुळे काळजी वाटते. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (यात रक्त गोठत नाही) काढलेलं रक्त दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्तातला द्रव वेगळा काढणाऱ्या यंत्रात फिरायला हवं. उशीर झाला की अमायलॉइडची (अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन) पातळी घसरते आणि साध्या काचेला-प्लास्टिकला ते चिकटतंही, म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या. दूरच्या गावाहून घाट उतरून नळ्या रुग्णालयात आणण्यापेक्षा छोटं सेंट्रिफ्यूज जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगीने ठेवा. १० मिली रक्तातून चारेक मिली प्लाझ्मा, म्हणजे तो द्रव निघतो, त्याचे अर्ध्या-अर्ध्या मिलीचे आठ भाग करा, म्हणजे एक नमुना लागला तर बाकीचे वितळवावे लागत नाहीत. काढलं, फिरवलं, गोठवलं, या तिन्ही वेळा लिहा. मार्करने लिहिलेलं नाव उणे ८० अंशांत पुसतं, गोठणीची लेबलं घ्या.

आणि हे नमुने ठेवायचा तो उणे ८० चा फ्रीझर. तळमजल्यावर असेल तर वर न्या. जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. खारी हवा कंडेन्सर खाते आणि त्याची जाळी धुळीने-बुरशीने भरते, महिन्याला एकदा ती साफ करणं हे नाव लिहून दिलेलं काम असलं पाहिजे. खोलीचं तापमान तिशीच्या आत, स्टॅबिलायझर स्वतंत्र, जनरेटर आपोआप सुरू होणारा, आणि दर सोमवारी दहा मिनिटं भारासकट चालवून बघितलेला. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) किनाऱ्याच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा मेअखेरीस तीन दिवसांचं डिझेल भरून ठेवा. अलार्म उणे ६५ ला वाजावा आणि फोन दोघांना जावा, त्यातला एक रुग्णालयापासून चालत येण्याइतका जवळ राहणारा. फ्रीझर बंदच पडला तर नमुने थंड ठेवायला कोरडा बर्फ तुमच्या बाजूला मिळायचा नाही. द्रव नायट्रोजन मात्र येतो, गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन विभाग तो वापरतो. त्यांच्या अरुंद तोंडाच्या कंटेनरमध्ये आपले डबे मावत नाहीत, पण रुंद तोंडाचं भांडं आपलं असेल तर भरून आणणारा पुरवठादार कोण ते त्यांना विचारता येईल. नळ्या द्रवात बुडवायच्या नाहीत, वाफेत ठेवायच्या. आणि बंद खोलीत हे भांडं उघडायचं नाही, श्वास कोंडतो. सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे आठातले चार भाग वर्षातून एकदा दुसऱ्या जिल्ह्यातल्या सहयोगी संस्थेत ठेवणं, लेखी कराराने.

एमआरआय नको. यंत्राची किंमत सोडा, ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस तुमच्याकडे टिकणार नाही. जिथे आहे तिथे माणशी दराचा करार करा. मेंदूदानही आत्ता नको. काही तासांत मेंदू काढून जपण्याची सोय आणि विकृतितज्ज्ञ नसताना घरच्यांना असं विचारणं हा त्यांच्या दुःखाशी खेळ होईल. कुणी स्वतःहून विचारलं तर बंगळुरूला निमहान्स या केंद्र सरकारच्या मेंदू व मनोविकार संस्थेची मेंदूपेढी आहे हे सांगा. विश्वस्तांना काही दाखवायला हवं असेल तर निदान झालेल्या घरांसाठी आठवड्यातून एक दिवस स्मृती बाह्यरुग्ण विभाग उघडा. बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळे आलेलं विस्मरण तिथे सापडतं आणि बऱ्याचदा सुधारतं. दारावर १४५६७ ही ज्येष्ठांची आणि १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी लिहा. तपासून नुसते परत पाठवता, अशी बोलवा उठली की तिसऱ्या फेरीला २९० सुद्धा येणार नाहीत.

पाटीबद्दल. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि जिल्ह्यात मेंदू किंवा मनोविकार हा शब्द पाटीवर दिसला की माणसं रस्त्याच्या पलीकडून जातात. अल्झायमर कुणाला उच्चारता येत नाही, म्हातारचळ म्हटलेलं कुणाला आवडत नाही. ‘स्मृती तपासणी केंद्र’ पुरे, खाली ‘दर मंगळवारी, सकाळी ९ ते १’. रंगारी ऑक्टोबरमध्ये बोलवा, आधी लावलीत तर पावसात धुऊन जाईल.